कंद सडला की पेशी स्वतःहून मेली? रावेर तालुक्यातल्या एका केळीबागेचं प्रकरण

रावेर तालुक्यात तापीच्या अंगाला काळ्या भारी जमिनीत नानांची केळी आहे. नाव-गाव देत नाही, कारण अफवेनं त्या माणसाला आधीच पुरेसा त्रास झालाय. जूनमध्ये टिश्यू कल्चरची ग्रँड नैन लावलेली, मृगबाग, ठिबक, खताचं वेळापत्रक सगळं नीट. भादव्यात पाऊस लागून राहिला, शेताच्या खालच्या कोपऱ्यात पाणी तुंबलं, मग पाऊस उघडला आणि एकदम कडक ऊन पडलं आणि त्या कोपऱ्यातली रोपं पिवळी पडायला लागली. आधी खालची पानं, मग पोंगा, मग रोप कलंडायचं. काही रोपांचा बुंधा जमिनीलगत उभा फाटला होता. त्या फाटलेल्या बुंध्याचा फोटो कोणीतरी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं "पनामा आला", आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्या गावातून नानांना फोन यायला लागले की तुमच्याकडचे मजूर आमच्या बागेत पाठवू नका.

भीती खोटी नव्हती, हे आधी सांगतो. पनामा मर म्हणजे फ्युजेरियम बुरशीचा मर रोग. जगभर निर्यात होणारी ग्रॉस मिशेल ही जात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच रोगानं बाजारातून गेली आणि तिची जागा कॅव्हेंडिशनं घेतली, आपली ग्रँड नैन, बसराई, श्रीमंती सगळ्या त्याच कॅव्हेंडिश गटातल्या. नंतर या बुरशीचा टीआर४ नावाचा प्रकार आला जो कॅव्हेंडिशलाही मारतो. २०१९ मध्ये तो कोलंबियात पोचला, आणि आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे. याला औषध नाही, बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं पडून राहतात, एकदा शेतात शिरला की त्या शेतात कॅव्हेंडिश विसरायची. ज्या जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि जिथं अख्ख्या तालुक्याचं अर्थकारण घडावर चालतं तिथं हा शब्द कोणी उगाच उच्चारू नये असं मला मनापासून वाटतं.

मी गेलो तेव्हा नानांची मुलगी घरी होती, जळगावला बायोटेकला एमएस्सी करते. तिनं पहिलाच प्रश्न टाकला, "दादा, ऑस्ट्रेलियात केळीत एक जीन घातलाय ना, पेशीला मरूच देत नाही असा, तो आपल्याकडे का नाही?" नाना लगेच म्हणाले, "मंग तोच आना ना भाऊ, मले फक्त रोपं कुठी मिळतीन ते सांगा."

म्हणजे प्रश्न दोन झाले. नानांच्या बागेत नेमकं काय झालंय, आणि तो जीन असता तर ही रोपं वाचली असती का. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच दडलेलं होतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

बागेत काय दिसलं

पहिली गोष्ट वय. रोपं तीन महिन्यांची होती. शेतात पनामा सहसा पाच-सहा महिन्यांच्या पुढं, झाड अंगानं भरल्यावर दिसतो. दुसरी गोष्ट जागा. रोगट रोपं सगळी पाणी तुंबलेल्या कोपऱ्यात, वरच्या अंगाला जिथं निचरा चांगला तिथं एकही नाही.

मग मी एक कलंडलेलं रोप दोन्ही हातांनी धरून ओढलं. ते मुळासकट आलं नाही, जमिनीलगत मानेतून कचकन तुटलं आणि कंद मातीतच राहिला. तो कुदळीनं उकरून काढला, विळ्यानं उभा चिरला, आणि वास असा आला की नानांची मुलगी दोन पावलं मागं सरकली. कंदाचा गाभा पिवळसर तपकिरी, पाणचट, बोट दाबलं तर आत जाईल इतका मऊ, कडेनं चिकट लालसर पाणी सुटत होतं. पनामा असता तर कंद कडक राहिला असता, त्यात लालसर तपकिरी ठिपके आणि रेषा दिसल्या असत्या, आणि खोड उभं चिरल्यावर आतल्या वाहिन्यांचे तांबूस धागे वरपर्यंत गेलेले दिसले असते. बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांमधून वर चढते म्हणून रंग नळ्यांच्या रेषेनं जातो. इथं रंग रेषेनं नव्हताच, सगळीकडे पसरलेला. आणि फाटलेला बुंधा दोन्ही रोगांत दिसतो, त्यामुळे नुसत्या फोटोवरून निदान करणाऱ्यांनी तिथंच घोळ घातला.

तरी डोळ्यांवर विसंबून राहायचं नाही असं ठरवलं. कंदाचे आणि खोडाचे तुकडे स्वच्छ सुरीनं काढले, खोडाचे तुकडे टिपकागदात सुकवून कागदी पाकिटात घातले (प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले की घामेजून दुसरंच काहीतरी उगवतं आणि प्रयोगशाळेवाल्यांना खऱ्या बुरशीचा पत्ता लागत नाही, हे बरेच जण चुकतात), आणि तपासायला पाठवले. रिपोर्ट येईपर्यंत तो कोपरा दोरी बांधून बंद केला, आत जायला एकच वाट ठेवली, विळा-कुदळ तिथलं तिथंच. रिपोर्ट आला, फ्युजेरियम नाही. कंद कुजवणारा जिवाणू, ज्याला आपल्याकडे अजून एर्विनिया म्हणतात, तो भरपूर.

नानांचा जीव भांड्यात पडला. मुलीचा प्रश्न मात्र तसाच होता, आणि खरं सांगायचं तर या प्रकरणातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता.

पेशीचं ठरवून मरणं

पेशी दोन तऱ्हेनं मरते. एक म्हणजे बाहेरून मार बसतो, भिंत फुटते, विरघळते, उकळतं पाणी पडतं, संपलं. दुसरी म्हणजे पेशी आतून हुकूम घेऊन स्वतःला मोडते, पद्धतशीर, डीएनएचे तुकडे करून, प्रथिनं कापून. हे दुसरं मरण शरीराला हवं असतं. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स नावाची मिलिमीटरभर लांबीची गोलकृमी आहे, तिच्या वाढीत एकूण १०९० देहपेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ ठरल्या वेळी ठरल्या जागी मरतात, दर वेळी त्याच. उरतात ९५९. या कृमीवर काम करून रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांच्या गटानं मरणाचे जीन शोधले, त्यासाठी २००२ चं नोबेल त्यांना सिडनी ब्रेनर आणि जॉन सल्स्टन यांच्याबरोबर मिळालं.

त्यातला सेड-३ हा जीन कात्रीसारखं एन्झाइम बनवतो, सेड-४ त्या कात्रीला चालू करतो, आणि सेड-९ हा सेड-४ ला मायटोकॉन्ड्रियाजवळ (पेशीचं ऊर्जाघर) धरून ठेवतो, सोडत नाही. वरून मरणाचा हुकूम आला की ईजीएल-१ नावाचं छोटं प्रथिन येऊन सेड-९ ला चिकटतं, त्याची पकड सुटते, सेड-४ मोकळा होतो आणि कात्री चालते. सेड-९ मध्ये बदल करून तो जास्तच चालता ठेवला तर ज्या १३१ पेशी मरायच्या त्या मरत नाहीत. आणि सेड-९ काढूनच टाकला तर ज्या जगायच्या त्याही मरतात, पुढच्या पिढीची अंडीच वाढत नाहीत. एवढ्या एका जीनवर इतकं अवलंबून.

माणसातही याचा भाऊबंद आहे, बीसीएल-२. तो सापडला कॅन्सरमध्ये, फॉलिक्युलर लिंफोमा या रक्तपेशींच्या कॅन्सरमध्ये १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात आणि हा जीन सतत चालू राहतो. १९८८ मध्ये डेव्हिड व्हॉ, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी दाखवलं की हा जीन पेशीची वाढ वेगात करत नाही, तो तिला मरू देत नाही. त्या आधी कॅन्सर म्हणजे पेशी भराभर वाढणं एवढंच डोक्यात होतं. पुढं माणसाचा बीसीएल-२ त्या कृमीत घातला तर तिथंही त्यानं पेशी वाचवल्या, म्हणजे माणूस आणि कृमी यांच्यात मरणाची यंत्रणा इतकी सारखी. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं व्हेनेटोक्लॅक्स हे औषध याच बीसीएल-२ ला पकडून बंद करतं, म्हणजे कॅन्सरच्या पेशीला पुन्हा मरता येतं.

हे ऐकून नाना जरा गप्प झाले. म्हणाले, "म्हनजे कॅन्सरवाला जीन केळीत घालतात?" या प्रश्नाकडे पुढं येतो, तो टाळण्यासारखा नाहीये.

बुरशीला मेलेली पेशी हवी असते, सगळ्यांनाच नाही

झाडातही ठरवून मरणं असतं. पानावर रोग उतरला की आजूबाजूच्या थोड्या पेशी झाड मुद्दाम मारतं, म्हणजे जिवंत पेशीवर जगणारा रोग तिथंच उपाशी अडकतो. तंबाखूत एन नावाचा जीन आहे, तो असला की मोझॅक व्हायरस शिरल्यावर पानावर मेलेल्या पेशींचे बारीक ठिपके पडतात आणि व्हायरस त्या ठिपक्यांत कोंडला जातो. इथं मरण झाडाच्या फायद्याचं आहे.

पण काही बुरश्या मेलेल्यावरच जगतात. त्यांना झाडाची पेशी मेलेली मिळाली की जेवणच मिळालं. अशा बुरश्या विष सोडून पेशीतली स्वतःला मोडायची यंत्रणाच चालू करतात, म्हणजे झाडाचं हत्यार झाडावरच चालवतात. हे नीट कळलं २००१ मध्ये, अमेरिकेत मार्टिन डिकमन यांच्या गटानं तंबाखूत माणसाचा बीसीएल-२, कोंबडीचा बीसीएल-एक्सएल, कृमीचा सेड-९, आणि किड्यांच्या बॅक्युलोव्हायरसातला आयएपी असे मरण रोखणारे जीन वेगवेगळे घातले. स्क्लेरोटिनिया आणि बोट्रायटिससारख्या मेलेल्यावर जगणाऱ्या बुरश्या त्यावर आणून सोडल्यावर साधा तंबाखू सडला आणि हा तग धरून राहिला. बुरशीला मारणारं एकही औषध त्या झाडात नव्हतं, फक्त पेशी मरायला तयार नव्हती.

बॅक्युलोव्हायरस म्हणजे काय हे खानदेशात वेगळं सांगायला नको, हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी आपण जो एचएएनपीव्ही फवारतो तो याच घराण्यातला. या घराण्यातल्या दुसऱ्या एका व्हायरसात १९९१ मध्ये पी३५ नावाचा जीन सापडला, तो अळीच्या पेशीला लवकर मरू देत नाही, कारण पेशी लवकर मेली तर व्हायरसची वाढ अर्धवट राहते. म्हणजे एकाला पेशी जिवंत हवी, दुसऱ्याला मेलेली, आणि ज्याला जे हवं ते तो जीनच्या पातळीवर जाऊन करून घेतो. मला या विषयात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते.

फ्युजेरियम मधला आहे. सुरुवातीला मुळात शिरताना जिवंत पेशीतून वाट काढतो आणि नंतर मारतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या गटानं पाहिलं की बुरशी लागलेल्या केळीच्या मुळांत पेशी ठरवून मरताना जशी लक्षणं दाखवते तशी दिसतात. मग त्यांनी लेडी फिंगर नावाच्या केळीत बीसीएल-एक्सएल, सेड-९ वगैरे घातले आणि काचघरात फ्युजेरियमच्या रेस १ या प्रकारासमोर ठेवलं, काही ओळी (म्हणजे जीन घातलेल्या एकेका पेशीपासून वाढवलेली रोपांची घराणी) टिकल्या. हे २०११ चं काम. काचघरात टिकणं आणि शेतात टिकणं यात फार फरक आहे हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, म्हणून पुढची चाचणी महत्त्वाची.

डार्विनजवळचं शेत

२०१२ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विनजवळ, टीआर४ नं आधीच भरलेल्या शेतात त्याच युनिव्हर्सिटीतल्या जेम्स डेल यांच्या गटानं कॅव्हेंडिश लावली. काही ओळींमध्ये कृमीचा सेड-९. काही ओळींमध्ये आरजीए२, हा जीन केळीचाच, म्युझा ॲक्युमिनाटा मलॅक्सेन्सिस या टीआर४ ला न जुमानणाऱ्या जंगली केळीतून घेतलेला. बाजूला साधी केळी, तुलनेला. तीन वर्षं पाहिलं. साध्या झाडांपैकी जातीनुसार ६७ ते १०० टक्के झाडं मेली किंवा रोगट झाली. आणि दोन ओळी पूर्ण निरोगी राहिल्या, एक आरजीए२ ची, एक सेड-९ ची. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये हे नेचर कम्युनिकेशन्समध्ये छापून आलं.

आता इथं थांबून विचार करण्यासारखं आहे, मुलीला मी इथंच थांबवलं. आरजीए२ ज्या कुटुंबातला जीन आहे त्या कुटुंबाचं काम शत्रूची चाहूल ओळखणं, आणि चाहूल लागल्यावर झाडाचं संरक्षण पेटवणं, ज्यात बऱ्याचदा काही पेशी ठरवून मारणंही येतं. सेड-९ चं काम बरोबर उलटं, मरण थांबवणं. एकाच शेतात, एकाच बुरशीसमोर, दोन उलट्या दिशेचे जीन आणि दोन्ही उभे राहिले! माझ्या समजुतीप्रमाणे हे वेळेचं गणित आहे. बुरशी अगदी दारात असताना मूठभर पेशी मेल्या तर तिची वाट बंद होते. आत पसरून तिनं विष सोडायला सुरुवात केल्यावर पेशी मरत राहिल्या तर तिचं पोट भरतं. पहिल्या वेळी मरण कामाचं, दुसऱ्या वेळी जगणं.

आणखी एक, सेड-९ च्या सगळ्या ओळी अशा टिकल्या नाहीत. एकच जीन एकाच जातीत घातला तरी तो कुठं जाऊन बसतो आणि किती चालतो यावर निकाल बदलतो. आरजीए२ च्या बाबतीत तर जीन जितका जास्त चालला तितकी रोगाशी झुंज चांगली असं स्पष्ट दिसलं. आणि गंमत म्हणजे हा जीन आपल्या कॅव्हेंडिशमध्येही आहे, फक्त त्या सगळ्यात तगड्या ओळीच्या मानानं दहापट मंद चालतो.

तो जीन नानांच्या रोपांत असता तर?

नसती वाचली, असं माझं मत. कारण नानांच्या कंदात पेशीनं कुठलाच हुकूम पाळलेला नव्हता. कंद कुजवणारा जिवाणू पेक्टिन विरघळवणारी एन्झाइम सोडतो. पेक्टिन म्हणजे पेशीला पेशी चिकटवून ठेवणारं द्रव्य, तेच गेलं की ऊतक सुटं होऊन लगदा होतं, म्हणून तो कंद बोटानं दबत होता. भिंत बाहेरून विरघळत असताना आतल्या मायटोकॉन्ड्रियावर सेड-९ कितीही घट्ट बसला तरी तो काय वाचवणार? मरण रोखणारा जीन तिथंच कामाचा जिथं पेशी आतून मरत असते.

मुलगी म्हणाली, "पण दादा, सडणं ते सडणंच ना?" बाहेरून बघताना हो. म्हणून तिला चिरलेला कंद पुन्हा दाखवला, लगदा झालेला भाग आणि शेजारचा पांढरा कडक भाग, दोघांमधली सीमा पाणचट आणि पसरट, वाहिन्यांचा काही संबंध नाही. पेशी कशी मेली याची खूण तिथं डोळ्यांनी दिसते, जीनची चर्चा त्यानंतर.

आपल्याकडच्या दुसऱ्या दुखण्याचंही तसंच. काकडी मोझॅक व्हायरस, सीएमव्ही, जो माव्यानं पसरतो आणि ज्यानं रावेर-यावलकडच्या कित्येकांना कोवळी बाग उपटायला लावली. व्हायरसला पेशी जिवंत लागते. मरण रोखणारा जीन घालून सीएमव्ही थांबेल अशी आशा धरायला मला काही आधार दिसत नाही. आणि थंडीतला चरका, म्हणजे थंडीनं झाडाला होणारी इजा, तो तर रोगच नाही. म्हणजे एक जीन आणला आणि केळीचं सगळं दुखणं संपलं असं होत नाही, प्रत्येक वेळी विचारावं लागतं की या पेशीच्या मरणानं पोट कोणाचं भरतंय.

"कॅन्सरवाला जीन"

नानांचा प्रश्न. कृमीचा किंवा माणसाचा मरण रोखणारा जीन केळीत असला आणि ती केळी खाल्ली तर आपल्याला काही होईल का. रोज आपण भाजी, डाळ, मटण खातो त्यात त्या त्या जीवांचे हजारो जीन असतात, मटणात तर बकऱ्याचा स्वतःचा बीसीएल-२ असतोच, तो पोटात पचतो, आपल्या पेशीत जाऊन बसत नाही. शिवाय लिंफोमात बिघडतो तो आपल्याच पेशीतला जीन, जागा बदलल्यामुळे. आणि नुसतं मरण रोखलं म्हणून कॅन्सर होत नाही, सोबत वाढीचं नियंत्रण सुटावं लागतं.

पण एवढं सांगून मी नानांना "खुशाल खा" म्हणालो नाही. कारण सेड-९ वाल्या केळीला अन्न म्हणून कुठंही परवानगी मिळालेली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियात जी केळी मंजूर झाली, क्यूकॅव्ह-४, ती आरजीए२ वाली, केळीचाच जीन असलेली. लोकांना कृमीचा जीन पचणार नाही हे उघड आहे आणि त्या भावनेला मी नावं ठेवणार नाही. शास्त्रीय धोका आणि ताटातली किळस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, शेतकऱ्याला दोन्ही विकत घ्याव्या लागतात, कारण शेवटी घड व्यापाऱ्यानं उचलायचाय.

भारतात जनुक बदललेलं (जीएम) पीक म्हणून आजवर शेतात आलं ते बीटी कापूस, २००२ पासून, आणि खानदेशातला कोणता कापूसवाला त्याचा इतिहास विसरलाय? बोंडअळी थांबली, मग गुलाबी बोंडअळीनं त्यावर मात केली, मग पुन्हा फवारण्या. बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. त्यामुळे परदेशी जीन असलेली केळी रावेरात लवकर येईल असं मी कोणाला सांगणार नाही. दुसरी वाट जरा मोकळी दिसते, ती म्हणजे जीन एडिटिंग, बाहेरून काही न घालता आपल्याच कॅव्हेंडिशमधला तो मंद चालणारा आरजीए२ जोरात चालवायचा. डेल यांच्या त्याच लेखात ही शक्यता मांडलेली आहे. २०२२ मध्ये केंद्रानं ज्या एडिटिंगमध्ये शेवटी परका डीएनए उरत नाही अशा पिकांना जीएमच्या जाचक नियमांतून सूट दिली, आणि २०२५ च्या मे महिन्यात अशा दोन भातांच्या जाती जाहीरही झाल्या. केळीला बी नसतं, रोपं कंदातून किंवा टिश्यू कल्चरमधून, त्यामुळे एडिट केलेल्या पेशीपासून झाड उभं करायची कला आपल्या देशात आधीच आहे, आणि जळगावात टिश्यू कल्चरचा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. मुलीला म्हटलं की प्रोजेक्टला विषय हवा असेल तर मरण थांबवणाऱ्या परक्या जीनपेक्षा आपल्याच केळीतला हा झोपाळू जीन जागा कसा होतो ते बघ, त्यात तुझ्या बापाच्या बागेचंही काम आहे.

नानांच्या कोपऱ्यात मग काय केलं

कंद कुजलेली रोपं मातीसकट काढून शेताबाहेर खोल खड्ड्यात पुरली. खड्ड्यांत आणि शेजारच्या रोपांच्या बुडाशी ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं, मात्रा स्थानिक कृषी अधिकाऱ्याकडून घेतली. पाणी काढून द्यायला खालच्या बांधाला चर खणला, हे काम लावणीआधीच व्हायला हवं होतं असं नाना स्वतःच बोलले. ठिबकचं पाणी त्या भागात कमी केलं, नत्राचा डोस थांबवला, आणि आंतरमशागत बंद, कारण मुळांना इजा झाली की जिवाणूला दार उघडं. वरची रोपं सावरली. कोपऱ्यात तुटाळी पडली तिथं पुन्हा केळी न लावता या हंगामापुरती जागा मोकळी ठेवलीये, पुढच्या वेळी उंच गादीवाफ्यावर लावायचं ठरलंय.

शेजाऱ्यांना रिपोर्ट दाखवला, ग्रुपवर टाकला, तरी दोघातिघांचा विश्वास बसलेला नाही. त्यांना नाना आता एवढंच सांगतात की तुमच्या बागेत पाच-सहा महिन्यांच्या झाडाची खालची पानं कडेपासून पिवळी पडून बुंध्याभोवती लोंबली आणि खोड चिरल्यावर तांबूस धागे दिसले तर फोटो टाकत बसू नका, त्या झाडाचा पील (बुडाशी फुटणारं पिल्लू) कोणाला देऊ नका, ट्रॅक्टर त्या भागातून फिरवू नका, चिखलाचे बूट तिथंच सोडा, आणि नमुना कागदी पाकिटात घालून आधी तपासायला पाठवा.